पित्कोस

मेर्वीने माउस काढून खणात टाकला, खण लोटून दिला आणि उजवा हात मांडीखाली दाबून बसली. डाव्या हाताचं एकच बोट तिने कीबोर्डवर ठेवलं.

समोरच्या टेबलावर बसणारा एल्मेरी कॉफीचा मग हातात घेऊन तिच्या मागे येऊन उभा राहिला. पडद्यावर एक साधं पान होतं: नर्सने घरी कुठल्या दिवशी यावं ते निवडा. मेर्वीने एका बोटाने पुढे पुढे सरकत कॅलेंडर उघडलं. देखणं कॅलेंडर होतं. महिने अलगद सरकत, आजच्या तारखेभोवती मऊ निळी सावली पडे. तिने गुरुवारपर्यंत जायचा प्रयत्न केला. आपण कुठे आहोत ते दाखवणारी खूण कुठेतरी मागच्या पानाखाली जाऊन दडली. ती परत वर आली तेव्हा कॅलेंडर तसंच उघडं होतं आणि काही केल्या मिटेना.

"एस्केप दाब," एल्मेरी म्हणाला.

"दाबलं."

"मग पान परत लोड कर."

"राउतिओंनी नेमकं हेच करायला हवं होतं, नाही का," मेर्वी म्हणाली.

 राउतिओ कोण हे एल्मेरीला माहीत होतं. मागच्याच आठवड्यात दोघं वृद्धाश्रमात हा नमुना घेऊन गेले होते. राउतिओ नावाचे निवृत्त गवंडी, हात सतत थरथरणारे, याच कॅलेंडरमध्ये अडकले. त्यांनी बराच वेळ खटपट केली आणि मग पडदा हळूच पुढे सरकवत म्हणाले, माझंच काहीतरी चुकलं, पोरी, मला हे जमत नाही. सगळे आपापल्या कॉफीत बघत राहिले होते.

मेर्वी काम करायची ती कंपनी ताम्पेरे शहरात होती आणि नगरपालिकांसाठी एकच ॲप बनवत होती. घरी पडून असलेली, एकटी राहणारी, हातापायांनी अधू माणसं त्यावरून नर्सला बोलावत, औषधाचं विचारत, आणि काही झालंच तर मदतीचं बटण दाबत. त्या ॲपचा जुना सांगाडा आता निकालात निघाला होता. त्याला कोणी वाली उरला नव्हता. नवा सांगाडा, म्हणजे फ्रेमवर्क, कुठलं घ्यायचं यावर फारसा वाद झाला नाही. टीममधल्या बहुतेकांना जे येत होतं तेच ठरलं. वाद झाला तो त्यावर चढवायच्या वस्तूंवरून. बटणं, चौकटी, याद्या, कॅलेंडरं स्वतः घडवत बसायचं नाही, कोणाची तरी लायब्ररी, म्हणजे अशा वस्तूंचा तयार संच, घ्यायची, एवढं नक्की होतं. कोणाची, ते ठरवायचं काम मेर्वीकडे आलं.

एक लायब्ररी महासागरापलीकडच्या एका बड्या कंपनीची होती. ते देखणं कॅलेंडर तिचंच. तिची माहितीपानंच बघत राहावीत अशी होती. दुसरी होती पित्कोस. पित्कोस म्हणजे दलदलीवरून पाय न भिजता जाता यावं म्हणून टाकलेल्या लांब फळ्या. दिसायलाही ती तशीच होती, ओबडधोबड आणि करड्या रंगाची. पण मेर्वीने एका बोटाने, मग डोळे मिटून नुसतं ऐकत, मग एकाच बटणाने ती वापरून पाहिली, आणि कुठेच अडकली नाही. जणू कोणीतरी आधीच त्या वाटेने चालत जाऊन जिथे जिथे पाय रुतला तिथे तिथे फळी टाकून ठेवली होती.

ही पित्कोस एकट्या माणसाची होती. इल्पो केत्तुकांगास, मुक्काम कायानीजवळ.

मेर्वीचा वरिष्ठ लासे ऐकून घेत होता, पण त्याचा चेहरा सांगत होता की त्याला हे नको आहे. त्याला दोष देता आला नसता. मागची लायब्ररी त्यानेच निवडली होती. बनवणाऱ्यांनी ती मध्येच सोडून दिली आणि पुढची दोन वर्षं सगळी टीम जुन्या भिंतीतून तारा उपटाव्यात तशी ती ॲपमधून उपटत बसली. त्यात हानेस नावाचा त्यांचा सहकारी एक दिवस ऑफिसच्या स्वयंपाकघरात फ्रीजला टेकून रडायला लागला. तो रजेवर गेला तो परत आलाच नाही. आता तो शहरात ट्रॅम चालवतो. लासे त्या ट्रॅमने जात नाही, चालत येतो.

"लायब्ररी चांगली आहे, मान्य," लासे म्हणाला. "पण तो उद्या बसखाली आला तर फोन कोणाला लावायचा?"

हा त्यांच्या धंद्यातला जुना विनोद होता, आणि त्यावर कोणी हसायचं नसतं.

"त्यांच्या गावाला बस दिवसातून एकदाच जाते," एल्मेरी म्हणाला.

लासेने पेन टेबलावर आडवं ठेवलं. मेर्वीला तो म्हणाला, जाऊन भेटून ये. माणूस धडधाकट आहे, पुढची काही वर्षं हे सांभाळणार आहे, एवढं तुझ्या तोंडून ऐकलं की मी हो म्हणतो.

तिने इल्पोला लिहिलं. गेली दोन वर्षं त्याच्याशी तिचा अधूनमधून पत्रव्यवहार होताच. त्याच्या जुन्या उत्तरांमध्ये डासांवरचे, न लागलेल्या माशांवरचे विनोद असत. अलीकडे तो दोन-तीन शब्दांत आटोपतं घ्यायचा, पण उत्तर द्यायचं चुकवत नसे. वय झालं की माणूस तुटक होतो, असं मेर्वीने धरून चाललं होतं. या वेळी त्याने पत्ता पाठवला आणि वर एकच शब्द लिहिला. ये.

नोव्हेंबरचा बर्फ अजून धरत नव्हता, पडून चिखल होत होता. कायानीच्या स्टेशनवरून टॅक्सीने तिला तळ्याकाठच्या एका पिवळ्या लाकडी घरासमोर सोडलं. दाराला पायऱ्या नव्हत्या, लांब उतरता रस्ता होता. रस्त्यावर नुकतीच वाळू टाकलेली होती. दार उघडलं ते चाळिशीतल्या, दाढी राखलेल्या एका माणसाने. त्याच्या फिनिशला एस्टोनियन हेल होता.

"इल्पो?" मेर्वीने हात पुढे केला.

"मी ऐवार," तो म्हणाला. "मदतनीस. आत या, बूट तिथे काढा."

तिने आपले बूट काढून ठेवले. शेजारी रबराचे मोठे मासेमारीचे बूट होते, त्यांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले. घरात कॉफीचा आणि औषधाचा वास होता, आणि एक संथ आवाज, भाता वरखाली व्हावा तसा. तो आवाज आतल्या खोलीतून येत होता.

खिडकीशी, मागे रेललेल्या मोठ्या चाकाच्या खुर्चीत एक बाई होती. केस आखूड कापलेले, पांढरे. गळ्यातून एक नळी शेजारच्या श्वासाच्या यंत्रात गेलेली. समोर पडदा, आणि गालाजवळ एका बारीक दांडीवर दाण्याएवढा काळा सेन्सर. बाईचं काहीच हलत नव्हतं. फक्त डोळे मेर्वीवर आले आणि तिथे थांबले.

"ही मार्युत," ऐवार म्हणाला. "इल्पोची बायको."

मेर्वीने आपलं नाव सांगितलं, घर शोधायला त्रास झाला नाही असं सांगितलं, तळं किती सुंदर आहे तेही सांगितलं. मग तिच्या लक्षात आलं की पडद्यावर अक्षरांच्या ओळी आहेत आणि त्यांच्यावरून एक निळी चौकट खाली खाली सरकते आहे. मार्युतचा गाल किंचित हलला की चौकट थांबे, मग त्या ओळीतल्या एकेका अक्षरावरून सरके, गाल परत हलला की एक अक्षर वर उमटे.

"इल्पो बाहेर गेलेत का?" मेर्वीने विचारलं.

ऐवारने हात किंचित वर केला. "ती लिहीत असली की थांबायचं," तो हळू आवाजात म्हणाला. "मध्ये बोललेलं तिला खपत नाही."

मेर्वी थांबली. भाता वरखाली होत राहिला. शेवटी पडद्याखालचं यंत्र बोललं. आवाज एका तरुण, उत्साही बाईचा होता, कुठल्यातरी दुकानातल्या जाहिरातीसारखा.

"इल्पो मेला. मागच्या हिवाळ्यात."

मेर्वीला पहिल्यांदा वाटलं की यंत्राने काहीतरी चुकीचं उच्चारलं. तिने ऐवारकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

"पण सप्टेंबरात त्यांनी मला कॅलेंडरचं..." ती म्हणाली आणि थांबली.

"मी," यंत्र म्हणालं.

बाकीचं ऐवारने सांगितलं, अधूनमधून मार्युतकडे बघत, ती अडवते का ते पाहत. इल्पो छतावर चढून बर्फ ओढत होता. दरवर्षी ओढायचा. ही इथे खिडकीशी होती, फावड्याचा आवाज ऐकत. आवाज थांबला. मग काहीतरी जड छतावरून घसरत गेल्याचा आवाज आला. त्या दिवशी ऐवारची सुट्टी होती. घरात दुसरं कोणी नव्हतं. हिला ओरडता येत नाही.

"मग?" मेर्वीने विचारलं.

चौकट सरकायला लागली. ऐवार गप्प झाला.

"तुमचं ॲप. मदतीचं बटण. लगेच लागलं," यंत्र त्या उत्साही आवाजात म्हणालं. "नर्स वेळेत आली. माझ्यासाठी. तो आधीच गेला होता."

मेर्वी खुर्चीच्या कडेवर बसली. ते जुनं बटण तिनेच लिहिलं होतं, पुष्कळ वर्षांपूर्वी. तेव्हा तयार काही मिळत नसे म्हणून हाताने, रखडत लिहिलेलं. कोणी ते दाबतं असा विचार तिने कित्येक दिवसांत केला नव्हता.

ऐवारने कॉफी आणली आणि वेलदोड्याच्या पावाचे तुकडे. मार्युत खात नव्हती, पण बशी तिच्याही समोर ठेवली गेली. मग मेर्वीने थोडं थोडं विचारलं आणि मार्युतने थोडं थोडं सांगितलं. दोघं पूर्वी कागदाच्या गिरणीत संगणक विभागात होते, ती त्याच्या आधीपासून. आजाराने आधी तिचे हात गेले. इल्पोने तिच्यासाठी एक बटण लिहिलं, जे एका खुणेने, एवढ्याशा हालचालीने, दाबता येईल. मग एक चौकट, मग एक यादी. तिने घरात बसून त्यातल्या चुका काढल्या. त्याचंच पुढे पित्कोस झालं. लोक वापरायला लागले तेव्हा दोघांना गंमत वाटली. तो गेला त्याच आठवड्यात कोणीतरी त्याला एक चूक कळवली होती. तिने ती दुरुस्त केली आणि पाठवून दिली. खातं त्याचंच होतं, नाव आपोआप त्याचं गेलं. मग दुसरी आली. इल्पोचे आभार मानणारी पत्रं आली. दूरदेशीच्या माणसांसाठी तो काम करत होता, चुका दुरुस्त करत होता, जिवंत होता.

हे सगळं यायला दुपार सरत आली. मेर्वीच्या मनात एवढ्या वेळात एक गोष्ट पक्की होत गेली होती. तिने कप खाली ठेवला.

"मी लासेला सांगेन की मी भेटले," ती म्हणाली. "की काम व्यवस्थित चालू आहे. ते खोटं नाही. नाव कोणाचं याच्याशी आम्हाला काय करायचंय? आम्ही पित्कोस घेऊ. मोठा वापरणारा मिळाला की आणखी हात मिळतील, हळूहळू..."

निळी चौकट मध्येच सरकायला लागली होती. मेर्वीच्या ते उशिरा लक्षात आलं. ती गप्प झाली.

या वेळी बराच वेळ गेला. ऐवार उठून बशा घेऊन गेला. बाहेर तळ्याचा पलीकडचा काठ दिसेनासा झाला. मार्युतच्या कपाळावर घाम आला होता, आणि मेर्वीने पहिल्यांदा पाहिलं की गाल कधी कधी हलायचा राहून जातो; चौकट हव्या त्या अक्षरावरून पुढे निघून जाते आणि मग पुन्हा सगळा फेरा.

"नको घेऊ," यंत्र म्हणालं. "तुम्ही घेतलं तर मला जागं राहावं लागेल."

चौकट लगेच पुन्हा सरकली.

"गाल दमतो. डॉक्टर म्हणतात, उन्हाळ्यापर्यंत. मग हेही नाही."

"तिला मुलगी आहे, ओउलूला," ऐवार दारातून म्हणाला. "वेरा. दर रविवारी आईला पत्र पाठवते, भलं लांबलचक." तो पुढे सांगणार होता, पण चौकट हलली म्हणून थांबला.

"तिला मी तीन शब्द पाठवते," यंत्र म्हणालं. "परक्यांसाठी पानंच्या पानं कोड."

"मग बंद करा ना हे," मेर्वी म्हणाली. तिचा आवाज तिला हवा होता त्याहून चढला. "तुम्ही कोणाचं काही देणं लागत नाही. सरळ सांगून टाका लोकांना."

"ते वाक्य लिहिता येत नाही."

ऐवारने हातातल्या फडक्याची घडी केली, उलगडली. तो म्हणाला, तिने दोन-तीनदा सुरुवात केलेली मी पाहिली आहे. इल्पो एवढं लिहून होतं. मग पुसते आणि कोणाचं तरी बटण दुरुस्त करायला घेते.

मेर्वीने पिशवीतून आपला लॅपटॉप काढला आणि मांडीवर उघडला. कोणी तिला लिही असं म्हटलं नव्हतं. मार्युतचे डोळे तिच्या हातांवर होते. तिची दहाही बोटं कीबोर्डवर भराभर चालत होती. ते बघितलं जातंय हे तिला जाणवलं आणि ती सावकाश लिहायला लागली.

लिहून झाल्यावर तिने वाचून दाखवलं. "इल्पो केत्तुकांगास यांचं मागच्या हिवाळ्यात घरी शांतपणे निधन झालं..."

"शांतपणे काढ," यंत्र म्हणालं. "तो शांतपणे गेला नाही."

मेर्वीने काढलं. निधनही काढलं, आपण होऊन. पुढे तिने लिहिलं होतं की तेव्हापासून पित्कोसचं सगळं काम त्यांच्या पत्नी मार्युत करत आल्या, या आजारात, एका गालाच्या हालचालीवर. 

"ते काढ."

"का? हे तर सगळ्यांना कळायलाच हवं."

"हा त्याचा दिवस," यंत्र म्हणालं.

शेवटी चार ओळी उरल्या. इल्पो केत्तुकांगास मागच्या हिवाळ्यात छतावरचा बर्फ काढताना मेले. पित्कोस त्यांनी लिहिलं. यापुढे त्याचं काम होणार नाही. ज्याला हवं त्याने ते घ्यावं आणि पुढे न्यावं.

मेर्वीने मजकूर मार्युतच्या पडद्यावर पाठवला. खातं इल्पोचं होतं, प्रसिद्ध करायचं बटण तिलाच दाबावं लागणार होतं. चौकट सरकत बटणावर आली, थोडी थांबली आणि पुढे गेली. सगळा फेरा करून परत आली. परत पुढे गेली. मेर्वीला वाटलं गाल दमला. तिने ऐवारकडे पाहिलं. त्याने नाही अशी मान हलवली आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. धुवायला तिथे काही उरलं नव्हतं.

चौकट कितीदा आली आणि गेली ते मेर्वीने मोजलं नाही. ती यंत्राचा भाता ऐकत बसली. मग गाल हलला, आणि पडद्यावर इल्पोच्या नावाखाली त्या चार ओळी उमटल्या.

मार्युतचे डोळे मिटले. ऐवार आला आणि त्याने तिचा चेहरा कोमट फडक्याने पुसला, आधी कपाळ, मग डोळ्यांखालून, गालावरून जपून, सेन्सर बाजूला न होऊ देता.

टॅक्सी यायची वेळ झाली. मेर्वी कोट घालून परत खोलीत आली. बोलायचं तिने टाळलं असतं तर चाललं असतं, पण तिला ते जमलं नाही.

"आता आम्हाला दुसरी घ्यावी लागेल," ती म्हणाली. "मोठ्या कंपनीची. तुमच्या नगरपालिकेचं ॲपही तेच असणार. त्यातलं मदतीचं बटण आधी एक चौकट उघडतं, खरंच मदत हवी का असं विचारणारी. त्या चौकटीत..."

"माहीत आहे. त्यांच्या पानावर मी वापरून पाहिलंय."

"एका खुणेने तिथपर्यंत पोचायला फार वेळ लागतो."

"माहीत आहे."

मेर्वी टोपी हातात घेऊन उभी राहिली. चौकट पुन्हा सरकत होती.

"मग तू कर," यंत्र त्याच आनंदी आवाजात म्हणालं. "तुला हात आहेत."

परतीच्या ट्रेनमध्ये गर्दी नव्हती. मेर्वीने खिडकीशी बसून अहवाल उघडला. पित्कोसची शिफारस तिने इकडे येतानाच लिहून ठेवली होती, चांगली दोन पानं, जिव्हाळ्याने लिहिलेली. ती तिने वरपासून खालपर्यंत निवडली आणि काढून टाकली. तिथे लिहिलं की मोठ्या कंपनीची लायब्ररी घ्यावी. कारणाच्या जागी काय लिहावं ते सुचेना. तेवढ्यात लासेचा फोन आला. तो पित्कोसचं पान बघत असायचा हे तिला माहीत नव्हतं.

त्याने वाचलं होतं. तू तिथेच होतीस का, त्याने विचारलं. ती हो म्हणाली.  मग तो म्हणाला की बरं झालं, वेळेत कळलं, आणि लगेच म्हणाला की त्याला तसं म्हणायचं नव्हतं.

"कळलं मला," मेर्वी म्हणाली. "मदतीचं बटण आणि कॅलेंडर मी त्यांचं घेणार नाही. मी स्वतः लिहिणार आहे."

"आणि पुढे ते सांभाळणार कोण?"

"मी."

लासेने सुस्कारा सोडला. त्या सुस्काऱ्यात हानेस होता, ती उपटलेली दोन वर्षं होती. सोमवारी बोलू, तो म्हणाला. मेर्वीला त्या स्वरावरून कळलं की सोमवारी तो समजुतीने, सगळे आकडे मांडून नाही म्हणेल, आणि तिला रोज थोडं थोडं भांडावं लागेल, आणि तरी ते होईलच असं नाही. तोपर्यंत नवं ॲप नगरपालिकांकडे गेलेलं असेल. खुणेने चालणाऱ्या माणसांना ती चौकट भेटेल. त्यांतले बहुतेक तक्रार करणार नाहीत. आपलंच काहीतरी चुकलं असं म्हणतील.

तिने पित्कोसचं पान उघडलं. इल्पोच्या चार ओळींखाली जगभरातून माणसं येऊन लिहीत होती. पोर्तो, ब्रनो, सेओल. कोणाचं पहिलं काम पित्कोसवर उभं राहिलं होतं. कोणाचा भाऊ पित्कोसमुळे बँकेचे व्यवहार स्वतः करत होता. बरेच जण इल्पोने आपल्याला अलीकडेच किती तत्परतेने उत्तर दिलं होतं ते सांगत होते आणि तारखांचा घोळ त्यांच्या ध्यानातही आला नव्हता. त्यात एकाने लिहिलं होतं की फार वाईट वाटलं, कुटुंबीयांना धीर मिळो; आणि जाता जाता, निवडयादीत वरचा बाण दाबला की पहिला पर्याय गाळला जातो, तर आता ते कोण दुरुस्त करणार?

 मेर्वीने रागाने उत्तराची चौकट उघडली. आज तरी, असं तिने लिहायला घेतलं. मग ते पुसून जरा सभ्य शब्द शोधायला लागली. गाडी कुठल्यातरी लहान स्टेशनात थांबली, कोणी चढलं नाही, निघाली. तिचं वाक्य होईना.

तेवढ्यात तिच्या वाक्याच्या वर, त्या माणसाच्या प्रश्नाखाली उत्तर आलं. इल्पोच्या खात्यावरून.

*निवडयादी इल्पोची नाही. ती मी लिहिली. चूक खरी आहे. दुरुस्त करणार नाही. मार्युत.*

मेर्वीने ते पुन्हा वाचलं. टॅक्सीचं दार लागलं तेव्हापासून मार्युत हेच लिहीत असणार. मेर्वीने आपलं अर्धं वाक्य पुसलं आणि काही वेळ हात मांडीवर तसेच ठेवून बसून राहिली.